चित्रांचं ताट वाढताना

प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत एखादी तरी 'चित्रं छान काढणारी' असतेच. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फलक तिच्याकडून, गणपतीच्या मखरामागचा पडदा तिच्याकडून, कुणाच्या लग्नातलं रुखवत, कुणाच्या डोहाळजेवणाचा चंद्रावरचा देखावा... सगळ्याला तिचाच हात लागतो. "काय कला आहे गं तुझ्या हातात!" असं सगळ्या जणी म्हणतात, चहा पाजतात आणि विषय तिथंच संपतो. रंगांचे पैसेसुद्धा पुष्कळदा तिनं स्वतःच्याच पर्समधून घातलेले असतात.

मग कधीतरी तिला वाटतं, यातून आपण चार पैसे का मिळवू नयेत? गोष्टींच्या पुस्तकांत चित्रं असतात, दिवाळी अंकांत असतात, मसाल्याच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेवर, पतपेढीच्या कॅलेंडरवर असतात. ती कुणीतरी काढतंच ना! ती विचारायला जाते. समोरचा माणूस म्हणतो, "तुमचं काम दाखवा." आणि इथंच गाडी अडते. काय दाखवायचं? सगळं की निवडक? त्यांना खपेल ते, की आपल्याला मनापासून आवडतं ते?

या दाखवायच्या कामाला पोर्टफोलिओ म्हणतात. आपण साधं 'कामाची फाईल' म्हणू या. मी स्वतः चित्रकार नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं, घर सांभाळते आणि आमच्या महिला मंडळाचं बालवाचनालय आणि बचत गटांची कामं बघते. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या गावातल्या एका सुनेची फाईल घडताना मी जवळून पाहिली. तिच्यासाठी चार जाणत्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते. कारण अशी एखादी सून, एखादी लेक तुमच्याही घरात असेल.

तिचं नाव नको. शाळेत असताना तिनं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, दोन्हींत 'ए' ग्रेड. पुढे ए.टी.डी. म्हणजे कला शिक्षकाची पदविका केली. शाळेत जागा निघेल म्हणून वाट पाहिली, तेवढ्यात लग्न झालं, मुलगा झाला. सासरचं स्टेशनरीचं दुकान. मुलगा बालवाडीत जायला लागल्यावर तिनं चित्रांचा विषय काढला, तेव्हा सासरे म्हणाले, "पुढच्या पाडव्यापर्यंत बघ. नाही जमलं तर दुकानात पूर्णवेळ बस. आम्हाला माणूस लागतोच आहे." बोलणं कडू नव्हतं, पण मुदत पक्की होती.

तिनं होती नव्हती ती सगळी चित्रं गोळा करून प्लॅस्टिकच्या मोठ्या फोल्डरमध्ये लावली आणि पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेत गेली. 62 चित्रं होती! परीक्षेतलं स्थिरचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम, लता मंगेशकरांचं पेन्सिलमधलं चित्र, गणपतीची एकवीस रूपं, वारली, मधुबनी, मंडल, मेंदीचे नमुने, डोंगरामागचा सूर्य, मुलासाठी काढलेला छोटा भीम. संपादकांनी पाच मिनिटांत सगळी पानं उलटली आणि म्हणाले, "हात चांगला आहे. कळवतो." दोन महिने झाले, फोन नाही.

"काकू, हात चांगला आहे म्हणाले ना? मग काम का दिलं नाही?" तिनं मला विचारलं. मला तरी काय ठाऊक! माझ्या मामेभावाच्या ओळखीचे एक ज्येष्ठ चित्रकार आहेत. आयुष्यभर पुस्तकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं काढलेली. त्यांच्याकडे ती फोल्डर घेऊन आम्ही दोघी गेलो. त्यांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "या फाईलमध्ये मला सहा मुली दिसतात. मी काम कुणाला देऊ?"

खरं सांगू का, या एका वाक्यानं पुष्कळ उलगडा झाला. आपल्याला वाटतं, जितके प्रकार दाखवू तितकं चांगलं. वारलीही येते, मधुबनीही येते, पोर्ट्रेटही येतं. पण समोर बसलेल्या माणसाला आपलं कौतुक करायचं नसतं, त्याला काम उरकायचं असतं. त्याच्या टेबलावर सोळा पानांची एक गोष्ट पडलेली असते, छापखान्याची तारीख ठरलेली असते. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो. ही बाई मला ही सोळा पानं वेळेत आणि एकसारखी काढून देईल का? 62 चित्रांत या प्रश्नाचं उत्तर एकाही चित्रात नव्हतं. ना एका गोष्टीची सलग चित्रं, ना एकच माणूस दोनदा काढलेला.

माझ्या वाचनालयातही हेच दिसतं बरं का. मुलं पुस्तक निवडताना मुखपृष्ठ बघतात हे खरं, पण मांडी घालून बसली की ती चित्रांतून गोष्ट शोधतात. पहिल्या पानावर लाल फ्रॉक घातलेली मुलगी चौथ्या पानावर वेगळीच दिसली तर चार वर्षांचं पोरही विचारतं, "ही कोण?" पोराला जे कळतं ते संपादकाला कळणारच.

मग फाईल कशी लावायची? मला आपलं ताटच आठवतं. आपल्या ताटाला उजवी बाजू असते आणि डावी बाजू असते. उजवीकडे भाजी, आमटी. त्यानं पोट भरतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. नुसती चटणी वाढून पंगत उठवता येत नाही. पण एखाद्या घरचं जेवण वर्षानुवर्षं लक्षात राहतं, ते बहुतेक वेळा तिथल्या चटणीमुळे नाहीतर लोणच्यामुळे! चित्रांच्या फाईलचंही तसंच आहे. उजवी बाजू म्हणजे बाजारात ज्याला मागणी आहे ते काम. डावी बाजू म्हणजे खास आपल्या हाताचं, आपल्या मनाचं काम. दोन्ही हवं आणि प्रमाणात हवं.

आधी उजवी बाजू बघू. त्या ज्येष्ठ चित्रकारांनी आणि नंतर भेटलेल्या इतरांनी सांगितलेल्या गोष्टी एकत्र करून सांगते.

पहिली गोष्ट, एकच पात्र पाच-सहा प्रकारे. एक मुलगी घ्या. ती हसते, रुसते, पळते, पाठमोरी उभी राहते, झोपते. प्रत्येक वेळी ती तीच वाटली पाहिजे. दुसरी गोष्ट, एक छोटी कथा चार-पाच सलग चित्रांत. कुठलीही लोककथा घ्यावी, म्हणजे कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या सुनेनं म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. निवड उत्तम, कारण लेकीकडे जाताना म्हातारी हाडकुळी आणि येताना गुबगुबीत! अंगानं बदलली तरी चेहरा तोच राहायला हवा, ही मोठीच परीक्षा. शिवाय त्यात वाघ, अस्वल, रान, भोपळा सगळं येतं.

तिसरी गोष्ट, काळ्या शाईतली रेखाटनं. रंगीत छपाईला खर्च येतो म्हणून मराठीतल्या बऱ्याच पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या आतल्या पानांवर एकाच रंगात चित्रं असतात. रंग काढून घेतल्यावर ज्या चित्राचा जीव जातो, ते चित्र तिथं उपयोगाचं नाही. चौथी, एक-दोन मुखपृष्ठं. इथं पुष्कळ जणी एक गोष्ट विसरतात. मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव बसायचं असतं, लेखकाचं नाव बसायचं असतं. कडेपर्यंत गच्च भरलेलं चित्र कितीही सुंदर असलं, तरी त्यावर अक्षरं कुठं टाकणार? जागा सोडता येणं हीही कलाच आहे. आपण नाही का रांगोळीत ठिपके मुद्दाम मोकळे ठेवत!

पाचवी गोष्ट म्हणजे आपल्या आसपासचं व्यापारी काम. बचत गटाच्या पापडाचं लेबल, मसाल्याचं पाकीट, एखादी निमंत्रणपत्रिका. लेबल दुकानाच्या फळीवर हातभर अंतरावरून ओळखू आलं पाहिजे आणि रुपयाच्या नाण्याएवढं छोटं केलं तरी कळलं पाहिजे. अशी दोन कामं फाईलमध्ये असली, की ही बाई गिऱ्हाइकाचं ऐकून काम करते हे दिसतं.

आता फाईलमधून काय काढायचं? परीक्षेतली चित्रं काढायची. परीक्षा पास होणं वेगळं, काम देणं वेगळं. कुणाच्या फोटोवरून जशीच्या तशी उतरवलेली नट-नट्यांची चित्रं काढायची. छोटा भीम, डोरेमॉन काढायचे, ती दुसऱ्यांची पात्रं आहेत. एखाद्या प्रकारात बरंवाईट अशी पाच चित्रं असतील तर चांगली दोन ठेवायची. बघणारा आपल्याला सगळ्यात कच्च्या चित्रावरून जोखतो, हे लक्षात ठेवा.

वारलीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण ती आपल्याकडे घरोघरी काढली जाते. मूळची ही लग्नाचा चौक लिहिण्याची कला, आणि तो चौक लिहायच्या त्या समाजातल्या सवाष्णी! पुढे डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा घराच्या भिंतीला हौसेनं वारली काढणं वेगळं आणि फाईलमध्ये 'ही माझी शैली' म्हणून लावणं वेगळं. ज्यांची ती कला आहे त्यांच्यापुढे आपली नक्कल फिकीच पडणार, आणि जाणता संपादक काम त्यांनाच देणार. तेच योग्यही आहे.

इतकं सगळं बाहेर काढल्यावर ती रडवेली झाली. "काकू, मग माझं असं राहिलं काय?" तिच्या घरी माजघरात सतरंजीवर सगळी चित्रं पसरली होती. तेवढ्यात तिच्या सासूबाई दुकानातून आल्या. त्यांच्या हातात उधारीची वही होती. त्या म्हणाल्या, "अगं, या वहीत मागं तू जे काढून ठेवलंयस ते का नाही लावलंस? मी हिशेब बघायला वही उघडते आणि तेच बघत बसते."

वहीची मागची पानं उघडली. दुपारी दुकानात बसल्या बसल्या तिनं साध्या बॉलपेननं समोरचा आठवडी बाजार काढला होता. गोणपाटावर बसलेल्या भाजीवाल्या, तराजू उचललेला हात, ओचा सावरून उठणारी म्हातारी, उसाच्या रसाच्या गाड्याखाली झोपलेलं कुत्रं, एसटीची वाट बघणाऱ्या बायांच्या पाठमोऱ्या आकृत्या. पंधरा-वीस चित्रं सहज असतील. "ही बघा ताई, ही आपली शेपूवाली," सासूबाई मला दाखवत होत्या, "चेहरा दिसत नाही, तरी पाठीवरून ओळखू येते!" ज्या बाईनं सुनेच्या 62 चित्रांकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, तिनंच तिची डावी बाजू शोधून दिली.

तिला स्वतःला ती चित्रंच वाटत नव्हती. "ते काय, नुसतं गिरगटणं," म्हणाली. कितीतरी जणींचं असंच होतं. कष्ट करून, रंग लावून, चौकटीत बसवलेलं ते 'चित्र', आणि हात मोकळा सोडून काढलेलं ते वेळ घालवणं. पण आपला हात खरा कुठं दिसतो, तर जिथं कुणी गुण देणार नसतं तिथं!

मात्र डावी बाजू म्हणजे मनाला येईल ते एकेक चित्र, असं नाही हं. एकाच विषयावरची चार-पाच चित्रं हवीत. त्यावरून दिसतं की ही बाई एखाद्या गोष्टीकडे टिकून बघू शकते. बाजारातल्या बाया, घरातली भांडी, गावातली जुनी दारं, शेळ्या... विषय कुठलाही चालेल, फक्त तो आपण रोज पाहिलेला असावा.

त्या ज्येष्ठ चित्रकारांना ती वही दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हातारी आणि भोपळा पुन्हा काढ. पण या हातानं काढ." मला वाटतं, सगळ्यात मोलाचं हेच. उजवी बाजू एकीकडे आणि डावी बाजू दुसरीकडे असे दोन ढीग करून भागत नाही. आपली चटणी आपल्या भाजीच्या फोडणीतही थोडी उतरली पाहिजे. तिनं पुन्हा काढलेली म्हातारी गोष्टीच्या पुस्तकातल्या छापील म्हातारीसारखी राहिली नाही. ती आमच्या बाजारातली ओचा सावरणारी म्हातारी झाली. गोष्ट सगळ्यांची आणि हात तिचा!

जुन्या मोठ्या चित्रकारांकडे बघितलं तरी हेच दिसतं. दीनानाथ दलालांनी पुस्तकांची मुखपृष्ठं केली, कॅलेंडरं केली, गिऱ्हाइकांची कितीतरी कामं केली. आणि 1945 साली स्वतःचं 'दीपावली' सुरू करून मनासारखं करायला एक जागाही तयार केली. पण दोन्हीकडचं चित्र बघून माणूस म्हणायचा, हे दलाल! राम वाईरकरांनी 'अमर चित्र कथे'साठी कृष्ण काढला आणि 'टिंकल'मधला वेंधळा सुप्पांडीही काढला. एक देव आणि एक बावळट नोकर, पण रेषेची सफाई तीच. वसंत सरवटे तर पेशानं इंजिनिअर. नोकरी सांभाळून व्यंगचित्रं काढली, पु.लं.च्या पुस्तकांत चित्रं काढली, 'ललित'मधला ठणठणपाळ उभा केला. आणि माधुरी पुरंदरे! मुलांसाठी लिहितातही त्याच आणि चित्रंही त्याच काढतात. त्यांच्या 'राधाचं घर'मधली माणसं बघा, आपल्याच शेजारची वाटतात. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आमच्या वाचनालयातली त्यांची पुस्तकं शिवून शिवून वापरावी लागतात, ही त्याहून मोठी पावती.

शेवटी तिची फाईल पंधरा चित्रांची झाली. दहा उजवीकडची, पाच डावीकडची. हा काही कायदा नाही, पण दोन वाटे बाजाराचं आणि एक वाटा स्वतःचं हे प्रमाण सुरुवातीला बरं पडतं. सुरुवातीला सगळ्यात चांगलं चित्र, शेवटी त्याच तोडीचं दुसरं. मधे कंटाळा येऊ नये म्हणून रंगीतनंतर काळं-पांढरं, गर्दीच्या चित्रानंतर मोकळं चित्र. आणि प्रत्येक ठिकाणी तीच फाईल न्यायची नाही. मधुमेह असलेल्या पाहुण्याला आपण श्रीखंड वाढतो का? मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशकाकडे जाताना लेबलं मागं ठेवायची, पॅकिंगचं काम करणाऱ्यांकडे जाताना ती पुढे आणायची. घरी पंचवीस चांगल्या चित्रांचा साठा ठेवावा आणि जिथं जायचं त्याप्रमाणे बारा-पंधरा वेचावीत.

काही साध्या पण महत्त्वाच्या गोष्टी सांगते. मूळ चित्रं कुणाकडे सोडून येऊ नका. स्कॅन करताना 300 डीपीआयवर करून घ्या, झेरॉक्सच्या मोठ्या दुकानांत होतं. फोटोच काढायचा असेल तर दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, आणि मोबाईल कागदाला अगदी समांतर धरून काढा. मोबाईलवर झगझगीत दिसणारे निळे-हिरवे रंग छापल्यावर मंद होतात, म्हणून एकदा प्रिंट काढून बघा आणि मगच दाखवा. एक कागदी फाईल ठेवा आणि तीच चित्रं एका पीडीएफमध्ये मोबाईलवर ठेवा. प्रत्येक पानावर आपलं नाव हवंच.

आणखी एक. आता कॉम्प्युटरला दोन ओळी सांगितल्या की चित्र तयार होतं, हे आपल्याइतकंच प्रकाशकांनाही ठाऊक आहे. म्हणून एखाद्या चित्रामागची कच्ची रेखाटनंही एका पानावर लावावीत. खोडलेलं, बदललेलं, पुन्हा काढलेलं. हे माझ्या हातचं आहे आणि तुम्ही बदल सांगितलात तर मी करू शकते, हे त्यातून न बोलता कळतं. आणि नऊवारीचा काष्टा कसा बसतो, पाटा-वरवंट्यापाशी बाई कशी बसते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते भांडवल आपल्याकडेच आहे.

पैशांचं बोलायला आपण बायका लाजतो. पण 'आधी दोन-चार चित्रं नमुन्याला करून द्या, मग बघू' असं कुणी म्हटलं, तर नमुन्याचेही पैसे विचारावेत. नमुना दाखवायलाच तर आपण फाईल केली ना! हक्कांचंही समजून घ्या. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क आपला असतो. पण कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन काढलेल्या चित्राबाबत वेगळं काही ठरलेलं नसेल तर हक्क काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून चित्र कशासाठी वापरणार, किती वर्षं, पुन्हा वापरलं तर काय, हे आधी कागदावर घ्या. आपण आपला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकला तरी 'हे चित्र मी काढलं' हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. 'मुखपृष्ठ व आतील चित्रे' या ओळीपुढे आपलं नाव छापायला सांगायचं, त्यात संकोच कसला!

आता तुम्ही विचाराल, पुढे तिचं झालं काय? दिवाळी अंकांची चित्रं पावसाळ्यातच काढून घेतात, म्हणून जुलैच्या आत तिनं पाच ठिकाणी फाईल पाठवली. तीन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एकांनी कळवलं, "आमच्या छोट्यांच्या पुस्तकांना इतकी काळी शाई चालत नाही, रंगीत दाखवा." पाचव्यांनी दिवाळी अंकातल्या दोन कथांची चित्रं दिली, तीही बाजारातली चित्रं पाहून. कथा गावाकडच्या होत्या. त्या अंकात तिचं नाव अगदी बारीक अक्षरांत छापून आलं. जानेवारीत रंगीत चित्रं मागणाऱ्यांना तिनं पुन्हा फाईल पाठवली, तेव्हा मुलांच्या एका छोट्या पुस्तकाचं काम मिळालं. आमच्या गटाच्या पापडाचं लेबलही तिनंच केलं, आणि गटानं त्याचे रीतसर पैसे दिले.

पाडव्याला सासऱ्यांनी हिशेब मांडला. दुकानात बसली असती तर याहून जास्त सुटले असते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते खरंही होतं. पण आणखी एक वर्षाची मुदत त्यांनी आपणहून दिली आणि संध्याकाळच्या गर्दीला दोन तास एक मुलगा ठेवला. यंदाच्या उधारीच्या वहीची मागची पानं त्यांनीच कोरी सोडायला सांगितली आहेत.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यातल्या जिला चित्रं येतात तिनं या आठवड्यात एवढंच करावं. सगळी चित्रं जमिनीवर पसरावीत. घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला नाही, तर एखाद्या लहान मुलाला आणि एखाद्या म्हाताऱ्या बाईला बोलवावं. ती कुठल्या चित्रापाशी थांबतात ते बघावं आणि तिथून सुरुवात करावी. आणि ज्यांना चित्रं येत नाहीत अशा माझ्यासारख्या बायकांसाठीही एक काम आहे. पुढच्या वेळी रुखवतासाठी, फलकासाठी त्या 'चित्रं छान काढणारी'ला बोलवाल, तेव्हा चहाच्या आधी तिचा दर विचारा.